एच.आय.व्ही. आणि एड्स : विषाणू कोणत्या वाटांनी येतो, कोणत्या वाटांनी येत नाही

एच.आय.व्ही. हा एक विषाणू आहे. एड्स ही त्या विषाणूमुळे, उपचार न घेतल्यास, शरीराची होणारी अवस्था आहे. हे दोन शब्द आपल्या बोलण्यात एकाच अर्थाने येतात आणि बहुतेक गैरसमजांची सुरुवात तेथूनच होते. प्रस्तुत लेखात आम्ही या दोहोंतील फरक, विषाणूच्या प्रसाराच्या वाटा, चाचणी, उपचार आणि कायदा यांविषयी ठाऊक असायलाच हवी अशी माहिती एकत्र मांडत आहोत.

मीरा-भाईंदर हे येत्या-जात्या माणसांचे शहर आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. उत्तन, पाली, चौक येथील बोटी खलाशांना घेऊन कित्येक दिवस समुद्रात असतात. भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेले कामगार राबतात. काशिमिऱ्यावरून राष्ट्रीय महामार्ग जातो. डोंगरी, राई, मुर्धे या जुन्या गावांतील घराघरांतून तरुण मुले-मुली रोज लोकलने मुंबई गाठतात आणि कित्येक घरांतील कर्ते पुरुष आखातात किंवा जहाजावर असतात. अशा शहरात ‘आपल्या धर्मग्रामात हा आजार नाही’ असे म्हणणे धाडसाचे ठरेल. आजार नसतो असे नाही. तो सांगितला जात नाही, एवढेच. आणि तो का सांगितला जात नाही, याचे उत्तर बहुतांशी आपल्या भीतीत आहे.

दोन शब्द, दोन अर्थ

एच.आय.व्ही. म्हणजे माणसाची रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी काही पेशींना सीडी-४ पेशी म्हणतात. शरीरात शिरलेल्या रोगजंतूंविरुद्ध उभ्या राहणाऱ्या यंत्रणेला हुकूम देण्याचे काम त्या करतात. एच.आय.व्ही. नेमका याच पेशींत शिरतो, त्यांच्यातच आपली संख्या वाढवतो आणि त्यांना नष्ट करतो. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारणपणे ५०० ते १,५०० सीडी-४ पेशी असतात. हे प्रमाण २०० च्या खाली गेले, किंवा क्षयरोगासारखे काही ठरावीक संधिसाधू आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

संसर्ग झाल्यापासून ही अवस्था येईपर्यंत, उपचार घेतले नाहीत तरी, बहुधा आठ-दहा वर्षे जातात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ अशी लक्षणे दिसतात किंवा दिसतही नाहीत. पुढे अनेक वर्षे माणूस ठणठणीत असतो. म्हणून एखाद्याच्या चेहऱ्यावरून, वजनावरून अथवा राहणीवरून तो बाधित आहे की नाही हे कोणालाही सांगता येत नाही. ते फक्त रक्ताची चाचणी सांगते. उलटपक्षी, ज्याला एच.आय.व्ही. आहे त्याला एड्स झालाच आहे, असेही नाही. वेळेवर औषध सुरू केलेल्या माणसाला एड्सची अवस्था कधीच येऊ नये, हे आज शक्य आहे.

थोडा इतिहास

जून १९८१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांमध्ये आढळलेल्या एका असाधारण न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सची ती पहिली वैद्यकीय नोंद मानली जाते. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी व ल्यूक मॉन्टॅनिए यांच्या गटाने विषाणू वेगळा काढला. त्याबद्दल त्या दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८५ मध्ये रक्तचाचणी उपलब्ध झाली. भारतात १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांच्या तपासणीतून पहिले बाधित आढळले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली.

२०२३ च्या शासकीय अंदाजानुसार भारतात पंचवीस लाखांहून अधिक माणसे एच.आय.व्ही.सह जगत आहेत आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. समाधानाची बाब ही की २०१० च्या तुलनेत देशातील नव्या संसर्गांचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी घटले आहे. ही घट आपोआप झालेली नाही. चाचणी, औषध आणि माहिती यांमुळे ती झाली आहे.

गोव्यातील एक तरुण

माहिती नसते तेव्हा काय घडते, हे सांगणारे प्रकरण आपल्या शेजारच्या गोव्यात घडले. बार्देश तालुक्यातील पर्रा गावचा डॉमनिक डिसोझा हा कॅथॉलिक तरुण नियमाने रक्तदान करीत असे. त्याने दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एच.आय.व्ही. आढळला. त्याला विश्वासात घेऊन कोणी हे सांगितले नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांनी बोलावून घेतले, म्हापशाच्या रुग्णालयात नेले आणि नंतर वापरात नसलेल्या एका क्षयरोग रुग्णालयात एकट्याला बंदिस्त करून ठेवले. बाधित व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद त्यावेळी गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात होती. चौसष्ट दिवस तो तेथे होता.

त्याची आई लूसी डिसोझा हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. ॲड. आनंद ग्रोव्हर यांनी तिची बाजू मांडली. न्यायालयाच्या आदेशाने डॉमनिक घरी आला. कायद्यातील तरतूद मात्र न्यायालयाने वैध ठरवली. विलगीकरण सक्तीचे न ठेवता अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोपवणारा बदल कायद्यातच करण्यात आला. डॉमनिकची नोकरी गेली. तरीही उरलेले आयुष्य त्याने बाधितांच्या हक्कांसाठी वेचले आणि १९९२ साली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत त्याचे निधन झाले. २००५ साली आलेल्या ‘माय ब्रदर... निखिल’ या चित्रपटाला त्याच्या जीवनाची प्रेरणा होती.

आम्ही हे प्रकरण मुद्दाम सांगत आहोत. ज्यांनी त्याला कोंडले त्यांना वाटत होते की आपण समाजाचे रक्षण करीत आहोत. पण एका खोलीत माणूस कोंडून जो विषाणू अडतो, तो हवेतून किंवा स्पर्शातून पसरणारा असावा लागतो. एच.आय.व्ही. तसा नाही, हे १९८९ मध्येही वैद्यकशास्त्राला ठाऊक होते. त्या चौसष्ट दिवसांत गोव्यातील एकाही माणसाचा संसर्गापासून बचाव झाला नाही. उलट, ज्यांना आपली तपासणी करावीशी वाटत होती, अशा किती जणांनी ती बातमी वाचून विचार बदलला असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

पसरण्याच्या वाटा

एच.आय.व्ही. शरीरातील मोजक्याच द्रवांत संसर्ग होण्याइतक्या प्रमाणात असतो : रक्त, वीर्य, योनिमार्गातील व गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध. यांपैकी एखादा द्रव दुसऱ्याच्या रक्तात किंवा शरीराच्या आतील नाजूक त्वचेपर्यंत पोहोचला, तरच संसर्ग होऊ शकतो. म्हणून प्रसाराच्या वाटा चारच आहेत.

पहिली वाट, असुरक्षित लैंगिक संबंध. भारतातील बहुसंख्य संसर्ग या वाटेने झालेले आहेत. दोघांपैकी एकाला गुप्तरोग किंवा जननेंद्रियांवर व्रण असल्यास धोका वाढतो. म्हणून अशा आजारांवर लाज न धरता लगेच उपचार घ्यावेत. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या राज्यात असंख्य स्त्रियांना हा संसर्ग त्यांच्या पतीकडूनच झाला. त्या एकनिष्ठ होत्या, तरीही झाला. त्यामुळे आजारावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय वस्तुस्थितीला धरूनही नाही.

दुसरी वाट, बाधित रक्त. न तपासलेले बाधित रक्त रुग्णाला चढवल्यास संसर्ग जवळजवळ अटळ असतो. म्हणूनच १९८९ पासून आपल्या देशात दात्याच्या रक्ताची एच.आय.व्ही. तपासणी सक्तीची करण्यात आली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकण्यावर बंदी आली. परवानाधारक रक्तपेढीतून आलेले रक्त आज सुरक्षित मानले जाते. रक्त देण्याने मात्र संसर्ग होत नाही. प्रत्येक दात्यासाठी नवी, निर्जंतुक सुई वापरली जाते. डॉमनिकचा संसर्ग रक्तदानामुळे उघडकीस आला. रक्तदान हे संसर्गाचे कारण नव्हे. धर्मग्रामातील रक्तदान शिबिराला जाण्यास कचरणाऱ्यांनी हा फरक ध्यानी घ्यावा.

तिसरी वाट, सामायिक सुई. नशेची इंजेक्शने घेताना एकच सुई व सिरिंज अनेकांनी वापरणे अतिशय धोक्याचे आहे. दवाखान्यातही सुई नवी आहे ना, हे पाहण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. पाकीट आपल्यासमोर फोडावे, असे डॉक्टरांना सांगण्यात उद्धटपणा नाही.

चौथी वाट, आईकडून बाळाला. गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून विषाणू बाळाकडे जाऊ शकतो. काहीच उपचार केले नाहीत तर ही शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने गर्भारपणातच औषध सुरू केले, ते नियमित घेतले आणि जन्मल्यावर बाळालाही औषध दिले, तर ती पाच टक्क्यांच्या आत, कित्येकदा त्याहून पुष्कळ खाली येते. म्हणूनच प्रत्येक गर्भवतीने पहिल्या तपासणीतच ही चाचणी करून घ्यावी. बाधित आईचे बाळ बाधितच असते, ही समजूत चुकीची आहे. एका साध्या चाचणीने एका मुलाचे संपूर्ण आयुष्य बदलते.

ज्या वाटांनी तो येत नाही

एच.आय.व्ही. शरीराबाहेर फार काळ टिकत नाही आणि तेथे त्याची वाढ होत नाही. त्याला जिवंत मानवी पेशी हवी असते. या एका गोष्टीवरून पुढील सारे समजते.

हस्तांदोलन, मिठी, गालाचे चुंबन, एकत्र जेवण, एकच भांडे, एकच शौचालय, एकच पलंग, कपडे, तलाव, लोकलमधील गर्दी यांपैकी कशानेही तो पसरत नाही. थुंकी, घाम, अश्रू यांतून संसर्ग होत नाही. खोकल्या-शिंकण्याने तो हवेत जात नाही.

डास चावल्याने तो पसरत नाही. आपल्या खाडीकाठच्या व मिठागरांजवळच्या वस्त्यांत डासांची कमतरता नसल्याने हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी शोषलेले रक्त नव्हे. शिवाय हिवतापाचा जंतू जसा डासाच्या शरीरात वाढतो तसा एच.आय.व्ही. वाढत नाही, तो तेथे पचून नष्ट होतो.

न्हाव्याच्या वस्तऱ्याने संसर्ग होण्याची शक्यता जवळजवळ नाही. तरीही नवे पाते मागणे चांगले. कारण काविळीचे काही विषाणू त्या मार्गाने येऊ शकतात.

क्षयरोगाचा मुद्दा वेगळा समजून घेतला पाहिजे. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला क्षयरोग सहज जडतो आणि फुफ्फुसांचा क्षयरोग हवेतून पसरतो. बाधिताजवळ बसल्याने आजार होतो, ही समजूत कदाचित यातूनच रुजली असावी. क्षयरोगावर खात्रीचा उपचार आहे आणि तो शासनातर्फे मोफत मिळतो. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करावी, मग त्याला एच.आय.व्ही. असो वा नसो.

धर्मग्रामात विचारले जाणारे प्रश्न

काही शंका केवळ आपल्याच समाजात निघतात. त्या कोणी डॉक्टरांना विचारत नाही, म्हणून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

एकाच चषकातून ख्रिस्तरक्त घेतल्याने संसर्ग होतो का? नाही. लाळेतून एच.आय.व्ही. पसरत नाही. शुभ शुक्रवारी अनेकांनी एकाच क्रुसाचे चुंबन घेतले तरी नाही. पवित्र पाण्यात बोटे बुडवल्याने नाही. मिस्सामध्ये शांतीची खूण म्हणून हात हातात घेतल्याने नाही. बाधित व्यक्तीच्या घरी आलेल्या लहान ख्रिस्ती समूहाने तिच्या हातचा चहा घेतल्याने नाही.

बाधित व्यक्ती मरण पावल्यास मृतदेह घरी आणावा का, त्याला आंघोळ घालावी का? आणावा आणि घालावी. कोठे जखम असून रक्त येत असेल तर हातमोजे वापरावेत, जी दक्षता कोणत्याही मृतदेहाबाबत घ्यावी. शवपेटी घाईघाईने बंद करण्याची, दुरूनच निरोप देण्याची काहीही गरज नाही. कुटुंबाला शेवटच्या दर्शनापासून वंचित ठेवणे हा त्यांच्यावर दुसरा आघात असतो.

बाधित मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गात, शाळेत, खेळात घ्यावे का? अवश्य घ्यावे. २००९ साली लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे बाधित मुलांच्या शाळाप्रवेशाला गावातील पालकांनी हरकत घेतली होती आणि ती बातमी देशभर गाजली. त्या पालकांना आपल्या मुलांची काळजी होती, यात शंका नाही. परंतु मुले खेळताना पडतात, खरचटतात, डबा वाटून खातात. एवढ्याने हा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. रक्त आलेली जखम धुऊन पट्टी बांधताना हातमोजे घालणे, हा नियम सर्वच मुलांसाठी पाळला की कोणाला वेगळे काढावे लागत नाही.

प्रतिबंध

विवाहापूर्वी संयम आणि विवाहानंतर परस्परांशी निष्ठा, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. संसर्गमुक्त असलेल्या दोघांनी ती पाळल्यास लैंगिक मार्गाने संसर्ग होण्याचे कारण राहत नाही. ही शिकवण आम्ही आनंदाने सांगतो. त्याचबरोबर वैद्यकीय वस्तुस्थिती झाकून ठेवणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. योग्य रीतीने व दर वेळी वापरलेल्या निरोधमुळे संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. पती-पत्नींपैकी एकच बाधित असेल तर त्यांनी आपला प्रश्न डॉक्टर, समुपदेशक आणि आपले धर्मगुरू यांच्याशी मोकळेपणाने बोलावा. गप्प बसून एकमेकांचा जीव धोक्यात घालू नये.

परिचारिकेला सुई टोचणे, लैंगिक अत्याचार अशा प्रसंगी संसर्गाचा धोका निर्माण झाल्यास ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येते आणि ते २८ दिवस घ्यावे लागते. जितके लवकर तितके चांगले. अशा वेळी सरकारी रुग्णालय गाठण्यास एक तासही दवडू नये.

चाचणी

शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत, ज्यांना सर्वजण आय.सी.टी.सी. म्हणतात, ही चाचणी मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, व्यक्तीची संमती घेतात आणि निकाल फक्त तिलाच सांगतात. पहिल्या चाचणीत दोष दिसला तर वेगळ्या पद्धतींच्या आणखी चाचण्या करून खात्री केली जाते. एकाच चाचणीवरून कोणाला बाधित ठरवले जात नाही.

संसर्ग झाल्यावर चाचणीत तो दिसू लागेपर्यंत काही आठवडे जातात. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. म्हणून धोक्याच्या प्रसंगानंतर लगेच केलेली चाचणी निर्दोष आली तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. या मधल्या काळात रक्तदान करू नये. ‘तपासणी फुकट होईल’ या विचाराने रक्तदान करणे तर केव्हाही चुकीचे. त्यात दुसऱ्याच्या जिवाला धोका असतो.

विवाहाची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींनी स्वेच्छेने ही चाचणी करून निकाल एकमेकांना सांगावा, असे आम्ही सुचवतो. सक्ती कोणावरही करता येत नाही आणि करूही नये. पण ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचे, त्याला सत्य सांगण्याने विवाहाची सुरुवात व्हावी.

उपचार

१ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत ए.आर.टी. औषधोपचार सुरू केला. सुरुवातीच्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. आरंभी सीडी-४ पेशी ठरावीक संख्येच्या खाली गेल्यावरच औषध दिले जाई. २०१७ पासून हे धोरण बदलले. आता चाचणीत संसर्ग निश्चित झाला की सीडी-४ कितीही असोत, औषध सुरू होते. बहुतेक प्रौढांना तीन औषधे असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते.

ही औषधे विषाणूला शरीरातून पूर्णपणे घालवत नाहीत, पण त्याची वाढ थांबवतात. काही महिन्यांत रक्तातील विषाणूंची संख्या, म्हणजेच विषाणूभार, इतकी कमी होते की ती चाचणीत सापडतही नाही. २०११ साली जाहीर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात नऊ देशांतील १,७६३ जोडपी होती. त्यांत पुणे व चेन्नई येथील केंद्रेही सहभागी होती. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. पुढील अभ्यासांतून हे अधिक दृढ झाले आणि आज जगभर मान्य आहे की ज्याचा विषाणूभार सातत्याने न सापडण्याइतका खाली आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही.

एक धोक्याची सूचना मात्र द्यावीशी वाटते. बरे वाटू लागले म्हणून औषध सोडल्यास विषाणू पुन्हा वाढतो आणि तेच औषध पुढे निकामी ठरू शकते. बोटीवर, गावी किंवा परदेशी जाताना औषधांचा पुरेसा साठा बरोबर न्यावा आणि तसे केंद्रावर आधी सांगावे. ‘मुळापासून बरे करतो’ अशी जाहिरात करणाऱ्या वैदूंच्या, तसेच केवळ प्रार्थनेवर विसंबून औषध बंद करा असे सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये. प्रार्थना बळ देते. गोळी रोजची रोज घ्यावीच लागते.

कायदा काय सांगतो

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एक महत्त्वाचा निकाल दिला. एका सार्वजनिक महामंडळाने हंगामी कामगाराला तो बाधित आहे एवढ्याच कारणावरून कामावरून दूर केले होते. तो काम करण्यास सक्षम असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल तर केवळ एच.आय.व्ही.मुळे त्याची नोकरी काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याची ओळख गुप्त राहावी म्हणून त्याला टोपणनावाने दावा लढवण्याची मुभाही दिली.

एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. नोकरी, शाळा, रुग्णालय, भाड्याचे घर, विमा अशा बाबतींत बाधितांशी भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. संमतीवाचून चाचणी करता येत नाही. नोकरी किंवा शिक्षणासाठी चाचणीची अट घालता येत नाही. एखाद्याची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षांचा तुरुंगवास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचबरोबर, दुसऱ्याला संसर्ग होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य कायद्याने बाधित व्यक्तीवरही टाकले आहे. डॉमनिकला १९८९ मध्ये ज्या कायद्याने कोंडले, त्यापासून या कायद्यापर्यंत यायला आपल्याला जवळजवळ तीस वर्षे लागली.

आपली जबाबदारी

१९८५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला मदर तेरेसा यांनी न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या रुग्णांसाठी घर उघडले. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी एड्स झालेल्या एका बालकाला कवेत घेतले. त्या दिवसांत सुशिक्षित माणसेही अशा रुग्णांच्या जवळ जात नव्हती. भारतातील कॅथॉलिक ख्रिस्तसभेने २००५ साली एच.आय.व्ही./एड्सविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले आणि त्याचा गाभा करुणा व शुश्रूषा हाच ठेवला. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे करताना आधी हात पुढे करून स्पर्श केला, हे आपण शुभवर्तमानात दरवर्षी ऐकतो. त्याला शब्दानेही बरे करता आले असते.

आपल्याला एवढे धैर्यही दाखवायचे नाही. कारण येथे स्पर्शात धोकाच नाही. आपल्याला फक्त योग्य माहिती बाळगायची आहे आणि जीभ आवरायची आहे. कोणाला ‘तो’ आजार असल्याची कुजबुज कानी आली तर ती पुढे नेऊ नये. आपल्या घरी कोणी बाधित असेल तर त्याचे ताट वेगळे काढू नये. त्याचे औषध चालू आहे ना, एवढे प्रेमाने विचारावे. धर्मगुरू, धर्मशिक्षक, महिला मंडळ व युवा संघटनेचे कार्यकर्ते यांनी १ डिसेंबर, जागतिक एड्स दिन, हा केवळ फलक लावण्याचा दिवस न ठरवता प्रश्नोत्तरांचा दिवस करावा. चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न विचारू द्यावेत. ज्या प्रश्नांना चारचौघांत तोंड फुटत नाही, तेच बहुधा जिवाशी निगडित असतात.

ज्यांना स्वतःबद्दल शंका आहे, त्यांना आमचे सांगणे एवढेच : घाबरून थांबू नका. चाचणी मोफत आहे, निकाल गुप्त राहतो, औषध मोफत आहे आणि वेळेवर घेतल्यास आयुष्य इतरांइतकेच लांब असू शकते. माहितीसाठी १०९७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाशुल्क फोन करता येतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. एखाद्याबरोबर चाचणी केंद्रापर्यंत जायला कोणी हवे असेल, तर आपल्या धर्मग्रामात असा एक तरी माणूस असावा ज्याला तो संकोच न करता हाक मारू शकेल. तो माणूस आपल्यापैकीच कोणीतरी व्हायला हवा.